आईबाबांच्या घरी मुक्काम आणि जवळच स्कीचे उतार: तीन पिढ्यांची सहल कशी आखावी

आईवडील बर्फाच्या डोंगरांजवळ राहत असतील तर हिवाळ्याची सुट्टी कुठे घालवायची हे ठरवायला डोकं लागत नाही. मुलांना स्की, आजी-आजोबांना नातवंडं आणि आपल्याला फुकट मुक्काम. हिशेब चोख दिसतो. पण स्की करणाऱ्या पाहुण्यांइतके दमवणारे पाहुणे दुसरे नसतात. सकाळी उजाडायच्या आत धावपळ, दारात बुटांचा ढीग, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर ओलं जाकीट आणि दुपारी चारला भुकेने कासावीस होऊन परतलेली चार माणसं. त्यात दिवसभर ‘अजून कसे आले नाहीत’ म्हणून खिडकीशी येरझाऱ्या घालणारे आजोबा. सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेली माणसं यातलं काहीही तोंडावर बोलून दाखवत नाहीत. तुम्ही गेल्यावर आठवडाभर झोपून काढतात.

माझं मत स्पष्ट आहे: ही भेट आहे आणि स्की तिच्यात बसवायची आहे. वेळापत्रक आईबाबांच्या दिवसाचं असावं, डोंगर त्यात जिथे मावेल तिथे मावावा. एवढं आधी घरात दोघांनी आपसात ठरवलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

१. तारखा आणि मुक्काम

उत्तर गोलार्धात डिसेंबरअखेरचा आठवडा आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळा. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगा, महाग पास आणि गर्दीचे उतार हे तिन्ही नवशिक्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना सारखेच नकोसे. जानेवारीच्या मध्यावर बर्फ चांगला आणि गर्दी कमी असते, पण थंडी कडक आणि दिवस लहान. आजी-आजोबांना डोंगरावर न्यायचं मनात असेल तर मार्च बरा. दिवस मोठा असतो, उन्हात बाकावर बसता येतं आणि उंचावरच्या केंद्रांवर बर्फही टिकून असतो. मार्चमध्ये सकाळी उतार रात्रीच्या थंडीने कडक झालेले असतात आणि दहा-अकरानंतर मऊ पडतात. त्यामुळे भल्या पहाटे पळायचं कारणही उरत नाही. निवांत न्याहारी करून निघा.

मुक्कामाचा प्रश्न नाजूक. ‘घर असताना बाहेर राहायचं?’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. तरीही घरात एकच स्नानगृह असेल, आईबाबांपैकी कुणाला रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल किंवा कुणाची स्मृती कमी होत चालली असेल, तर चालत जाण्याच्या अंतरावर भाड्याची जागा घेणंच शहाणपणाचं. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला रोजचा क्रम मोडलेला आणि घर अचानक भरलेलं सोसत नाही, आणि संध्याकाळी अस्वस्थता बहुधा वाढते. सांगताना कारण स्वतःकडे घ्या: “आई, पोरं पहाटे दंगा करतात, ओल्या सामानाने तुझा दिवाणखाना भरून जाईल. रात्री तिकडे झोपतो, बाकी दिवस तुझ्याकडेच.” आणि मग खरोखरच तिच्याकडे राहा.

घरातच राहणार असाल तर स्कीचं सगळं सामान एका जागी ठेवण्याचा नियम करा. गॅरेज, तळघर किंवा मागचा व्हरांडा, काहीही चालेल. जिन्यात आणि न्हाणीघराच्या वाटेवर एकही वस्तू नको. स्कीच्या काठ्यांना अडखळून आजी पडली तर त्या सहलीत पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही.

२. निघण्याआधी महिनाभर: फोनवरची तयारी

‘कसे आहात?’ विचारलं की ‘उत्तम’ असंच उत्तर येतं. म्हणून नेमकं विचारा. बाबा, हल्ली सकाळी किती वाजता उठता? दुपारी झोपता का? जिना दिवसातून किती वेळा चढता? संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी चालवता का? या उत्तरांवरून तुमच्या दिवसाचा आराखडा बनतो. दीड ते तीन ही बाबांची झोपेची वेळ असेल, तर त्या वेळात चिल्लीपिल्ली घराबाहेर असलेली बरी.

याच महिन्यात उरकायची कामं:

- फ्लूची लस. नातवंडं शाळेतून सर्दी-खोकला घेऊन येतात आणि तोच म्हाताऱ्या माणसाच्या छातीत उतरतो. लस घेतल्यावर शरीरात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून मुलांनी, तुम्ही आणि आईबाबांनी ती आधीच घ्यावी. निघायच्या दिवशी एखाद्या मुलाला ताप असेल तर तारीख पुढे ढकला.
- दोघांच्या औषधांची यादी: नाव, मात्रा, वेळ. एक प्रत तुमच्या फोनमध्ये, एक फ्रिजच्या दारावर.
- दोघांपैकी कुणाला हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल आणि डोंगरावर न्यायचा विचार असेल, तर डॉक्टरांना विचारताना त्या ठिकाणाची उंची मीटरमध्ये सांगा. ‘डोंगरावर नेऊ का?’ या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही, ‘२,८०० मीटरवर दोन तास बसतील, चालेल का?’ याला येतं.
- विमा. साध्या प्रवास विम्यात स्कीची दुखापत, डोंगरावरून उतरवण्याचा खर्च आणि हेलिकॉप्टर बहुतेक वेळा धरलेलं नसतं. हिवाळी खेळांचं कलम वेगळं घ्यावं लागतं. ठरलेल्या उतारांबाहेर स्की केल्यास ते लागू होतं का, तेही वाचा.

पास घेताना सलग पाच-सहा दिवसांचा घेऊ नका, कितीही स्वस्त दिसला तरी. पैसे भरले की रोज डोंगरावर जावंसं वाटतं आणि भेट बाजूला पडते. बऱ्याच केंद्रांवर अर्ध्या दिवसाचे पास असतात आणि ‘पाच दिवसांत कुठलेही तीन’ असेही मिळतात. अगदी लहान मुलांना आणि ठरावीक वयावरच्या ज्येष्ठांना सवलत किंवा मोफत प्रवेश असतो. केवळ गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने, वर जाऊन परत येणाऱ्यांसाठी पायी प्रवाशांचं वेगळं, स्वस्त तिकीटही असतं. आजी-आजोबांसाठी तेच घ्यायचं.

३. रस्ता

हिवाळी टायर बर्फ पडायला लागल्यावर नाही, तापमान सात अंशांच्या खाली उतरलं की लागतात, कारण साध्या टायरचं रबर त्या थंडीत कडक होतं आणि कोरड्या रस्त्यावरही पकड कमी होते. टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल तर तो खरा हिवाळी टायर. भाड्याची गाडी घेताना हे चिन्ह स्वतः बघा, काउंटरवरच्या ‘हो, हो’वर विसंबू नका. टायरला लावायच्या साखळ्या घेतल्या असतील तर त्या चढवायची तालीम उजेडात, कोरड्या जागी करून ठेवा.

गाडीत पांघरुणं, पाणी, खाऊ, विजेरी, फावडं, चार्जर. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायची वेळ आली तर आधी उतरून धुराची नळी मोकळी करा. ती बर्फाने बुजलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो.

औषधं सामानाच्या डिकीत ठेवू नका. इन्शुलिन गोठलं की निकामी होतं. वितळल्यावर चांगलं दिसलं तरी ते वापरायचं नसतं.

४. सामान: भाड्याने घ्यावं ते, विकत घ्यावं ते

मुलांसाठी स्की आणि बूट भाड्यानेच घ्या, वर्षभरात पाय वाढतो. हातमोजे, गॉगल आणि आतले कपडे मात्र स्वतःचे हवेत. कपड्यांचा नियम साधा: अंगाला चिकटून लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं, मधे उबेचा थर, वर वारा-पाणी अडवणारं. सुती बनियन घामाने ओला होतो आणि वाळत नाही. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्याखालपर्यंतचा. दोन मोजे घातले की पाय दाबला जातो, रक्त कमी खेळतं आणि बोटं जास्त गारठतात. पालकांना हे पटत नाही आणि दरवर्षी कुणीतरी लेकराला जाड मोज्यांच्या दोन जोड्या चढवतंच. लहान मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असलेले ऊबदार राहतात.

बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. उभं राहिल्यावर बोटं टोकाला हलकेच टेकावीत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर किंचित मागे सरावीत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. नवशिक्याची स्की साधारण हनुवटीपर्यंत असली की वळायला सोपी जाते.

दुकानात वजन, उंची, वय आणि तुम्हाला किती येतं ते विचारतात. ही माहिती खरी सांगा. बाइंडिंग म्हणजे पडल्यावर बूट स्कीपासून सोडवणारी यंत्रणा. ती किती जोरावर सुटावी हे या आकड्यांवरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून ठरतं. वजन लपवणारे आणि ‘मला उत्तम येतं’ म्हणणारे दोघेही आपल्या गुडघ्याशी खेळत असतात. पन्नाशी गाठलेल्यांसाठी आणि नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तक्त्यात बाइंडिंग एक पायरी सैल ठेवण्याची तरतूद आहे, तेव्हा वयही लपवू नका.

हेल्मेट सगळ्यांना. जुनं, कुणाचं तरी वापरलेलं, एकदा जोरात आपटलेलं नको. गॉगल उन्हाच्या दिवसासाठी गडद आणि ढगाळ दिवसासाठी फिका असे दोन प्रकारचे असतात. एकच घ्यायचा तर मधला.

बूट रात्री वाळवताना आतलं अस्तर काढून साध्या खोलीच्या तापमानाला ठेवा. हीटरला किंवा शेकोटीला टेकवले की प्लास्टिकचा आकार बिघडतो. ही जागाही तुम्हीच शोधा आणि तुम्हीच पुसा. आईने वाकून फरशी पुसायची नाही.

५. दिवस कसा बसवायचा

मला पटलेली रचना अशी. एक दिवस स्की, एक दिवस घर, अशी आलटून पालटून. स्कीच्या दिवशीही अर्धाच दिवस. सात-आठ वर्षांखालची मुलं तीन तासांनंतर दमतात आणि दमलेली मुलंच पडतात. मोठ्यांचंही तेच, फक्त ते कबूल करत नाहीत. ‘आता शेवटची एक फेरी’ म्हणून घेतलेली फेरीच सगळ्यात धोक्याची असते: पाय थकलेले, उजेड कमी आणि दिवसभरात उतार खरवडून निसरडे झालेले.

घरातली एक मोठी व्यक्ती रोज डोंगरावर जाणार नाही, ती आईबाबांपाशी राहील. पाळी लावा आणि तिला ‘घरी थांबण्याची शिक्षा’ समजू नका. खरी भेट त्याच दिवशी होते. बाकीचे गेल्यावर घर शांत होतं, चहा होतो आणि फोनवर कधी न निघालेले विषय निघतात. शक्यतो ज्याचे आईवडील आहेत त्याने पहिली पाळी घ्यावी. सुनेला किंवा जावयाला पहिल्याच दिवशी मागे ठेवून लेक डोंगरावर गेला तर ते कुणालाच आवडत नाही, आणि कुणीच बोलत नाही.

स्वयंपाक हा दुसरा दुखरा भाग. आई म्हणेल, मी करते, मला काय काम आहे. तिला एक पदार्थ करू द्या, जो नातवंडांना तिच्याच हातचा हवा असतो. उरलेला स्वयंपाक, भांडी आणि बाजार तुमचा. येतानाच दोन दिवसांचं शिजवलेलं घेऊन या आणि तिच्या फ्रिजमध्ये आधी जागा आहे का ते विचारा.

परतायची वेळ सांगताना अर्धा तास जास्तीचा सांगा. दोन वाजता येतो म्हणून अडीचला पोचलात तर त्या अर्ध्या तासात आजोबांनी हिमस्खलनापासून गाडी दरीत जाण्यापर्यंत सगळं मनात बघून घेतलेलं असतं. उशीर होत असेल तर फोन करा. डोंगरावर थंडीने बॅटरी पटकन उतरते, म्हणून फोन जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा.

६. उतारावर

पहिले दोन-तीन दिवस मुलांना प्रशिक्षकाकडे द्या. स्वतः शिकवायचा मोह होतो, पण आईवडिलांचं ऐकून घसरायला शिकलेलं मूल विरळा. शिवाय शिकवणीच्या दोन तासांत तुम्हाला आजी-आजोबांना पायथ्याशी घेऊन येता येतं. नवशिक्यांचं मैदान बहुधा पायथ्याला, सपाट आणि कुंपणाने वेगळं केलेलं असतं, वर न्यायला सरकता पट्टा असतो. तिथलं कडेचं बाकडं हे आजी-आजोबांसाठी अख्ख्या डोंगरातलं सगळ्यात चांगलं ठिकाण. नातू पडताना दिसतो, उठताना दिसतो आणि हाक मारली तर ऐकू जाते.

उतारांचे रंग सगळीकडे एकच अर्थ सांगत नाहीत. युरोपात निळा म्हणजे सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड. काही देशांत त्याखाली हिरवाही असतो. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम आणि पत्त्यांतल्या चौकटसारखा काळा आकार अवघड. एकीकडे शिकून दुसरीकडे गेलेला माणूस ‘निळा आहे, जमेल’ म्हणतो आणि भलत्याच उतारावर येऊन उभा राहतो.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये उतारावरच्या वागणुकीचे नियम आणले, ते आज दहा आहेत. मुलांकडून त्यातले चार पाठ करून घ्या. खाली असलेल्या माणसाचा हक्क आधी, मागून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचं. थांबायचं तर कडेला, अरुंद जागी किंवा चढामागे लपलेल्या जागी नाही. पुन्हा निघताना आधी वर बघायचं. दोरी लावून बंद केलेल्या उतारावर जायचं नाही, तिथे आधीच्या कुणाच्या स्कीच्या खुणा दिसत असल्या तरीही.

स्कीत सगळ्यात जास्त दुखापत गुडघ्याला होते. पडायला लागलात तर पडा. मधेच उठून तोल सावरायची धडपड गुडघ्याला पिळते. पडताना काठी सोडून द्या. हातात घट्ट धरलेल्या काठीवर पडल्याने अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध फाटतो, आणि ही दुखापत इतकी नेहमीची आहे की ती स्की करणाऱ्यांच्याच नावाने ओळखली जाते.

उन्हाचं विसरू नका. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परतवतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला मलम लावा, ऊन तिथे खालून लागतं.

७. आजी-आजोबांना वर नेताना

पहिला प्रश्न उंचीचा. २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो: डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणं. तो सहसा पोचल्यानंतर काही तासांनी जाणवतो, म्हणून वर दोन तास थांबून उतरणाऱ्याला फारसा धोका नसतो. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के असतो. गुडघे ठीक असलेला, पण हृदय थकलेला माणूस तिथे पन्नास पावलं चालून धापा टाकतो. तेव्हा मधलं स्थानक निवडा. बऱ्याच गोंडोलांना ते असतं, उपाहारगृहही असतं आणि दृश्य वरच्याइतकंच देखणं. छातीत दुखलं, धाप लागली किंवा बोलणं अडखळलं तर तिथेच बसवा, स्की गस्तीला, म्हणजे उतारावरच्या मदत पथकाला, बोलवा आणि खाली न्या. जरा विश्रांती घेऊन बघू, असं करू नका.

आदल्या दिवशी तुम्ही स्वतः ही फेरी मारून या. गोंडोलातून बाहेर पडल्यावर उपाहारगृहापर्यंत किती अंतर आहे, वाट बर्फाची आहे की जाळीची, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे की तळघरात जिन्याखाली? डोंगरावरची बरीच स्वच्छतागृहं तळघरातच असतात, आणि स्कीच्या बुटांतली माणसं त्या ओल्या जिन्यावर गर्दी करून असतात. पंचाहत्तरीच्या गुडघ्यांना हे सांगूनच न्यावं.

गोंडोलात बसताना लिफ्टवरच्या कर्मचाऱ्याला आधी सांगितलं तर तो वेग कमी करतो, गरज पडली तर थांबवतो. खुर्चीची लिफ्ट मात्र टाळा. ती मागून येते, उतरायला उडी घेतल्यासारखं उठावं लागतं आणि पायी माणसांना तिच्यातून परत आणायला बरीच केंद्रं तयार नसतात.

साडेअकराला वर पोचा, दुपारच्या गर्दीच्या आधी. भिंतीला पाठ लागेल अशी, दाराच्या झुळकेपासून दूरची जागा. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना अशा घुमणाऱ्या हॉलमध्ये कुणाचंच धड ऐकू येत नाही, म्हणून टेबल कोपऱ्यातलं. बाहेर बसायचं तर पायांखाली आणि बुडाखाली काहीतरी घाला, लाकडी बाकालाही गारठा असतो. म्हाताऱ्या शरीराला थंडी उशिरा कळते, तहानही उशिरा कळते. ‘थंडी वाजतेय का?’ असं न विचारता हाताला हात लावून बघा, आणि पाण्याचा पेला समोर ठेवा.

चालताना बर्फावर पेंग्विनसारखं: पावलं छोटी, पाय जरा फाकलेले, हात खिशाबाहेर आणि पूर्ण तळवा टेकवून. बुटाला लावायचे रबरी पट्ट्यावरचे खिळे मिळतात, ते चांगले काम करतात. पण आत शिरताना काढायलाच हवेत. फरशीवर तेच खिळे घसरतात.

८. आणि बाबांना अजून स्की करायची असेल तर

हा प्रसंग पुष्कळ घरांत येतो. पन्नास वर्षं स्की केलेला माणूस ‘आता बस’ ऐकून घेत नाही आणि त्याने का घ्यावं? रोज चालणारे, तोल शाबूत असलेले सत्तरीचे लोक अनेकदा नवशिक्या तरुणांपेक्षा सांभाळून स्की करतात. अडथळा असतो तो तळघरातल्या सामानाचा.

जुन्या बुटांचं प्लास्टिक वर्षांनुवर्षं पडून ठिसूळ होतं आणि उतारावर, जोर पडताना, तुकडे होऊन फुटतं. बाहेरून ते बूट ठणठणीत दिसतात. जुनी बाइंडिंग कंपनीच्या यादीतून बाद झालेली असेल, तर तंत्रज्ञ तिला हात लावत नाही. यावर भांडण नको. “बाबा, नव्या स्की रुंद असतात, वळायला कमी जोर लागतो, एक दिवस भाड्याने घेऊन बघा की!” हे सहसा चालतं, कारण ते खरं आहे.

त्यांच्यासोबत सकाळच्या दुसऱ्या तासाला, नुकतेच यंत्राने सपाट केलेल्या रुंद उतारावर जा. ढगाळ दिवशी बर्फ आणि आकाश एकाच रंगाचे होतात, उंचवटे दिसत नाहीत, आणि वयाबरोबर कमी झालेली नजर तिथे दगा देते. अशा दिवशी वर न जाणं हेच बरं. दोन-तीन फेऱ्या, मग बसायचं. मुलांना त्यांच्या पुढे सोडू नका, आजोबा नातवाच्या वेगाने जायला बघतात.

ते रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर एक गोष्ट पक्की: डोकं आपटलं की, हेल्मेट असो, शुद्ध असो, काही दुखत नसो, त्याच दिवशी डॉक्टर. डोक्यातला रक्तस्राव काही तासांनी किंवा दिवसांनीही उघड होतो.

९. घराच्या दिवशी करायची कामं

घरी थांबलेल्या व्यक्तीने गप्पांबरोबर घरावर एक फेरी मारावी. निरीक्षकाचा चेहरा न करता.

दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ कोण काढतं? बाबा स्वतः काढत असतील तर ते थांबायला हवं. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि त्यात ओला, जड बर्फ उचलायचा. मोठ्या हिमवर्षावानंतर फावडं मारताना हृदयविकाराचा झटका येणं ही डॉक्टरांच्या ओळखीची गोष्ट आहे. बर्फ काढणारा माणूस लावून द्या, आणि पैसे हंगामाचे आगाऊ भरा. दर वेळी पैसे द्यायचे म्हटलं की बाबा त्याला बोलावत नाहीत.

खोलीत तापमापक ठेवा. जागतिक आरोग्य संघटना थंड प्रदेशातल्या घरांसाठी किमान १८ अंश सेल्सिअस सांगते, आणि वृद्धांना त्याहून थोडं जास्त लागतं. बिल वाचवायला हीटर बारीक करून स्वेटरवर स्वेटर घालणारी पिढी आहे ही. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की तो शीतघात, आणि वृद्धांना तो घरात बसूनही होतो. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र आहे का, त्याची बॅटरी चालू आहे का आणि घर तापवणाऱ्या भट्टीचं बाहेरचं तोंड बर्फाने बुजलंय का हेही त्याच फेरीत बघा.

मग दिवे, जिन्याचा दुसऱ्या बाजूचा कठडा, न्हाणीघरातली धरायची दांडी आणि पाय अडकणारे गालिचे. यातली निम्मी कामं एका दुपारी होतात, आणि मुलांना पेचकस धरायला दिला तर आजोबाही खूश.

तब्येतीच्या खुणा बोलण्यात कमी आणि वस्तूंमध्ये जास्त सापडतात. न उघडलेली पत्रं आणि दोनदा भरलेली किंवा न भरलेली बिलं. मुदत उलटलेले डबे, तळाला जळलेलं भांडं. औषधाच्या डबीत मंगळवारच्या गोळ्या शुक्रवारीही तशाच. गाडीच्या कोपऱ्याला नवे ओरखडे. जुने कपडे अचानक ढगळ झालेले. एखादी खूण सुटी दिसली तर तिचा अर्थ काढू नका, तीन-चार एकत्र दिसल्या तर लिहून ठेवा.

तोल पाहायला एक सोपी चाचणी डॉक्टर वापरतात. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या वेगाने तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. नातवंडांच्या खेळात आजी-आजोबांनाही घेतलं तर कुणाला चाचणी वाटणार नाही.

बोलायचं कधी? पहिल्या रात्री नाही, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर तर नाहीच. दोघं गाडीत असताना किंवा गोंडोलात शेजारी शेजारी बसलेले असताना. नजरेला नजर नसते आणि विषय संपवायला उतरायचं ठिकाण येतं. निष्कर्ष सांगू नका, विचारा: “आई, गोळ्यांचं तू कसं लक्षात ठेवतेस?” उत्तर तिलाच देऊ द्या. एका भेटीत एकच विषय पुढे न्या. गाडी चालवणं, घर बदलणं आणि मदतनीस ठेवणं हे तिन्ही एकाच आठवड्यात काढलेत तर पुढच्या हिवाळ्यात ‘यंदा नका येऊ, बर्फ फार आहे’ असं ऐकायला मिळेल.

ज्या भावाबहिणीचं घर आईबाबांच्या जवळ आहे आणि जे वर्षभर हे सगळं करतात, त्यांना आधी विचारा. सुट्टीला आलेल्याने चार दिवसांत घर सुधारायला घेतलं की जवळ राहणाऱ्याला ते लागतं. त्यापेक्षा तुम्ही असताना त्यांना दोन दिवस मोकळे द्या. तुमचा पास त्यांना देता येत नाही, पास नावावर असतात, पण हवं तर नवा काढून द्या.

१०. निघण्याचा दिवस

शेवटच्या दिवशी स्की नाही. सकाळी उतारावर जाऊन दुपारी निघायचा बेत हमखास फसतो: ओलं सामान, चुकलेली वेळ आणि निरोप दारातच उरकलेला. भाड्याचं सामान आदल्या संध्याकाळी परत करा. बऱ्याच दुकानांत बंद होण्याआधीच्या तासात परत केलं तरी पुढच्या दिवसाचं भाडं लागत नाही, विचारून घ्या.

चादरी धुवायला लावा, वाळवून घाला. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस पुरेल इतकं ठेवा, कारण त्या दिवसांत आईला उभं राहून काही करवणार नाही. कचरा बाहेर. हलवलेल्या खुर्च्या जागेवर, विशेषतः ज्या धरून कुणी रात्री चालतं त्या. टीव्हीचा रिमोट मुलांनी कुठे ठेवला ते शोधा.

पुढचा फोन कधी करणार ते सांगून निघा, आणि पोचल्यावर लगेच करा. डॉक्टरांकडे जायची वेळ ठरली असेल तर ती तारीख तुमच्या दिनदर्शिकेत टाका. त्या दिवशी सकाळी आठवण करायची आणि संध्याकाळी काय झालं ते विचारायचं.